मांजराने धरलेल्या बेडकाची जखम, घरी काय काय करायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका):
नमस्कार सगळ्यांना. आमच्या मागच्या दारी विहीर आणि धुण्याचा दगड आहे, पाऊस लागला की तिथं एक मोठा बेडूक येऊन राहतो, अंगावर हिरवट ठिपके आणि पाठीवर मधोमध एक रेघ, जूनमध्ये तर पिवळाधमक झाला होता आणि रात्रभर ओरडायचा. पोरं त्याला पाटील म्हणतात. आज सकाळी शेजारच्या बोक्याने त्याला धरलं, मी ओरडले तेव्हा सोडलं, पण मागच्या उजव्या मांडीची कातडी फाटलीय, आतलं मांस दिसतंय आणि तो पाय ओढत चालतोय. सध्या प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून ठेवलाय. सासूबाई म्हणतात हळद लाव, आमचे हे म्हणतात डेटॉलच्या पाण्याने धुऊन काढ, मी अजून कशालाच हात लावला नाही. काय करू सांगा ना. गावात गायीम्हशींचे डॉक्टर येतात ते बेडूक बघतील काय? धाकटी पोरगी बादलीजवळून उठेना झालीय.

निपाणीकर:
ताई आधी बादलीतलं पाणी कमी करा. जखमी बेडूक दमला की नाक वर धरता येत नाही आणि बुडून मरतो, बेडूक असला तरी. पसरट टब घ्या, तळाला जुन्या सुती साडीचा तुकडा साध्या पाण्यात चांगला खळबळून ओला करून अंथरा, साबणाचा अंश अजिबात नको, छापलेला पेपरपण नको. पाणी त्याच्या पोटाला लागेल एवढंच. वर झाकण पाहिजेच, नाहीतर उडी मारून नाक फोडून घेतो, आणि झाकणाला भोकं पाडताना आतून बाहेर पाडा म्हणजे धारदार कडा आत येत नाहीत. अर्ध्या टबावर कापड टाकून अंधार करा, सावलीत ठेवा, बोक्यापासून लांब. मी तंबाखूच्या शेतात नांगराला लागलेले बेडूक असेच ठेवतो.

गावाकडचा_तात्या (चिकोडी):
हळद आणि खोबरेल तेल लावा की ओ. आमच्या बैलाच्या खांद्याची जखम त्यानंच भरली. नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार.

जनावरांचा_डॉक्टर (बेळगाव):
तात्या, बैलाला चालतं ते बेडकाला चालत नाही, कारण बैलाच्या कातडीचं काम वेगळं आणि बेडकाच्या कातडीचं वेगळं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांडीच्या कातडीतून ओढून घेतो, श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. म्हणून त्याच्या अंगाला जे लावाल ते थेट रक्तात जातं. तेल लावलं तर कातडी बुजते. डेटॉल, सॅव्हलॉन, फिनेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीच नको. मेडिकलमध्ये मिळणारी सुन्न करणारी मलमं तर मुळीच नकोत, बेन्झोकेनसारखं औषध आम्ही बेडकाला भूल द्यायलाच वापरतो, म्हणजे जखमेवर लावलं की तुम्ही नकळत त्याला भूल देताय आणि किती ते तुम्हालाही कळत नाही.

मलप्रभाकाठ ताई, घरी करायचं एवढंच की सलाईनची बाटली (०.९ टक्के, साधी) आणून जखमेवर हळू ओतून घाण धुऊन टाका, कापसाने पुसू नका, तंतू चिकटतात. हात साबणाने धुवा, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि ओल्या हातानेच त्याला उचला. पाय मोडला असेल असं वाटलं तरी काडी बांधू नका, छोट्या जागेत शांत ठेवणं हाच प्लास्टर समजा.

पण मांजराचा दात लागलाय म्हणजे दवाखान्यात न्यावंच लागेल. मांजराच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, वरून छोटं भोक दिसतं आणि आत पू होतो. अँटिबायोटिक लागणार, एन्रोफ्लॉक्सासिन वगैरे, आणि ते वजनावर ठरतं, म्हणून किचनच्या वजनकाट्यावर डब्यासकट आणि मग रिकामा डबा असं वजन करून ग्रॅममध्ये लिहून न्या. गायीम्हशींचे डॉक्टर असतील तरी घेऊन जा, त्यांना फोनवर एखाद्या वन्यप्राण्यांच्या डॉक्टरशी बोलायला सांगा, बहुतेक जण बोलतात. फोटो काढून न्या. माणसाची गोळी मोडून घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

टिळकवाडी_मत्स्यालय:
पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलंय. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात पंचायतवाले विहिरीतपण टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, ते कातडीला जळजळ करतं. पसरट परातीत एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, मग वापरा. फिल्टरचं आरओ पाणी किंवा डिस्टिल्ड नको, त्यात क्षार नसल्याने अंगातले क्षार बाहेर जातात. पागोळीचं पाणी घ्यायचं तर कौलं धुऊन गेल्यावरचं, पहिलं नको.

आणि रोज पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू बघा. लालसर झाली, बारीक रक्ताचे ठिपके दिसले तर ती रेड लेगची खूण, आतमध्ये जंतू पसरलेत म्हणायचं, थांबू नका. तो सुस्त पडून असेल, कातडीचे तुकडे पाण्यात सारखे तरंगत असतील तर कायट्रिड बुरशीचीपण शंका घ्या. मात्र एकदा कात टाकली म्हणून घाबरू नका, निरोगी बेडूक कात टाकतो आणि स्वतःच गिळून टाकतो, बघायला विचित्र वाटतं. टबातलं पाणी विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नका, लांब कोरड्या जागी ओता. दुकानातले पांढरे आफ्रिकन बेडूक कुणाच्या घरी असतील तर त्यांची जाळी, भांडी याला लावू नका, ते बुरशी अंगावर बाळगून स्वतः ठणठणीत राहतात.

मलप्रभाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. नेऊन आणला. डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग फोटो बघून कुणाला तरी फोन लावला आणि दंडात इंजेक्शन दिलं, मागच्या पायात देत नाहीत म्हणाले. हाड मोडलेलं नाही. पुढच्या डोससाठी परत बोलावलंय. गळा खालीवर हलतोय, डोळे उघडे आहेत, टब हलला की चारी पाय आवरून बसतो. पण खात नाही. पोरीने भाताची शितं टाकली होती ती मी काढली. मेलेला किडा पुढ्यात ठेवला त्याच्याकडे बघतपण नाही. सासूबाईंना काळजी लागलीय, अशक्त होईल म्हणतात.

निपाणीकर:
हलत नाही ते त्याला खाणंच वाटत नाही ताई. जिवंत गांडूळ किंवा नाकतोडा ठेवा, संध्याकाळी अंधार पडल्यावर, आणि तुम्ही तिथून बाजूला व्हा. गिळताना डोळे आत ओढून घेतो, तेच घास खाली ढकलतात, ते दिसलं की समजायचं गिळलं. दूध, भात, भाकरी काही नको, तोंड उघडून कोंबायचं तर अजिबात नको. धडधाकट मोठा बेडूक आठवडाभर उपाशी राहिला तरी काही होत नाही, आधी जखम भरू दे. गांडूळ औषध न मारलेल्या शेतातलं घ्या, एवढं मात्र नक्की बघा. उरलेला किडा रात्रभर टबात ठेवू नका, जखमेला चावतो.

जांबोटीची_वाट:
मी भीमगड अभयारण्याच्या बाजूचा आहे, म्हणून हे लिहितोय. तुमच्या वर्णनावरून हा भारतीय बैलबेडूक, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. जखमी म्हणून सांभाळणं वेगळं, पण वन खात्याच्या जवळच्या ऑफिसात आजच कळवून ठेवा, म्हणजे उद्या कुणी काही बोलायला नको. आपल्या भागातून हे बेडूक पोत्यात भरून खायला नेतात, पायांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली तरी पावसाळ्यात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं फिरतातच, त्यामुळे वनखातेवाले विचारणारच. आणि एक बेडूक किती किडे खातो ते भात करणाऱ्याला सांगायला नको, एक वाचला तरी मला फार मोठी गोष्ट वाटते.

बरा झाला की लांब जंगलात नेऊन सोडू नका हो. लोक प्रेमानेच नेतात पण नवीन जागी त्याला ना बीळ माहीत ना पाणी, आणि इथला रोग तिथल्या बेडकांना जातो. तुमच्याच विहिरीजवळ, पाऊस पडत असताना संध्याकाळी सोडा.

मलप्रभाकाठ:
बरं. पण पाऊस संपल्यावर तो दिसतच नाही, जखम भरायला ऑक्टोबर उजाडला तर? घरात ठेवायचा काय मग उन्हाळाभर?

जनावरांचा_डॉक्टर:
कातडी बेडकाची लवकर भरते, एवढा वेळ लागायचं कारण दिसत नाही. जखम कोरडी बंद झाली, दोन्ही पायांनी सरळ उडी मारतोय आणि स्वतः किडा पकडून खातोय, ही तीन बघा आणि सोडा. उशीर झालाच तर जमीन ओली आहे तोवरच सोडायचा, कारण कोरड्या दिवसांत ते मातीत पुरून घेतात आणि कडक झालेली जमीन त्याला उकरता येणार नाही. विहिरीकडेची माती तुम्ही रोज पाणी मारून मऊ ठेवली तर चालेल. पुढच्या डोसला जाताना वजन परत करून न्या, कमी झालं असेल तर डोस बदलावा लागतो.

मलप्रभाकाठ:
हो, काटा काढूनच ठेवलाय. वन खात्याला फोन केला, उद्या येऊन बघतो म्हणालेत. आणि शेजाऱ्यांना बोका रात्री घरात ठेवा म्हणून सांगून आले.