कन्व्हेयर चेनचे वर्गीकरण ७३१५ की ८४३१? माल न्हावा शेवाला लागण्याआधी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांना कन्व्हेयर आणि एलेव्हेटरचे सुटे भाग पुरवण्याचा आमचा लहानसा व्यवसाय आहे. आजवर आम्ही मुंबईच्या आयातदारांकडून माल उचलत होतो. स्वतःच्या आयात-निर्यात कोडवर परदेशातून थेट माल मागवण्याची ही आमची पहिलीच वेळ आहे. तैवानहून निघालेला माल साधारण बारा दिवसांत न्हावा शेवाला पोहोचेल आणि त्याआधी बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडचे आयातीचे घोषणापत्र, दाखल करायचे आहे. मालाचे टॅरिफ हेडिंग, म्हणजे सीमाशुल्क दरपत्रकातील चार अंकी शीर्षक, कोणते लावायचे, लोखंड-पोलादाच्या साखळ्यांचे ७३१५ की कन्व्हेयरसारख्या यंत्रांच्या भागांचे ८४३१, यावर आमच्या कस्टम ब्रोकरचे आणि माझे एकमत होत नाही. ते अनुभवी आहेत आणि मी या कामात नवखा आहे. तरीही टॅरिफ वाचल्यावर जे समजले ते त्यांच्या सांगण्याशी जुळत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

मालात तीन वस्तू आहेत. पहिली आणि किमतीने सर्वांत मोठी वस्तू म्हणजे स्लॅट कन्व्हेयरची पोलादी साखळी. शेक-आउटवरून (जेथे वाळूचा साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढतात) उतरलेली गरम कास्टिंग पुढे नेण्यासाठी ती वापरली जाते. पुरवठादाराने पाठवलेला नमुन्याचा तुकडा या क्षणी माझ्या टेबलावर आहे. दोन्ही बाजूंना प्लेटा, त्यांना जोडणारी पिन, पिनेवर बुश आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर अशी तिची रचना असून पिच १०० मिलिमीटर आहे. दर दुसऱ्या कडीच्या प्लेटा दोन्ही बाजूंना काटकोनात बाहेर वळवून त्यांना दोन-दोन भोके पाडलेली आहेत आणि त्या कानांवर कन्व्हेयरचे स्लॅट बोल्टने बसतात. धंद्यात याला के-टू अटॅचमेंट म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे याच साखळीचे स्प्रॉकेट (साखळी फिरवणारी दातेरी चाके), जे वेगळ्या पेटीत येत आहेत. तिसरी वस्तू म्हणजे जड साचे उचलण्यासाठीचे चार पायांचे चेन स्लिंग. ते ग्रेड ८० च्या मिश्रपोलादाच्या वेल्डेड कड्यांचे असून वर एक मोठी मास्टर लिंक आणि खाली चार हूक आहेत.

अडचण अशी की, पुरवठादाराने तिन्ही वस्तू इन्व्हॉइसवर ‘कन्व्हेयर पार्ट्स’ या एकाच नावाखाली दाखवल्या असून त्यांपुढे ८४३१३९ हा सहा अंकी कोड छापला आहे. ब्रोकरांचे म्हणणे असे की, साखळी कन्व्हेयरखेरीज दुसऱ्या कशालाही लागत नाही, कान वळवलेली साखळी तर मोटारसायकलला बसणारच नाही, त्यामुळे टॅरिफमधील यंत्रांच्या विभाग १६ च्या टीप २ (ब) नुसार ती त्या यंत्राचाच भाग ठरते. शिवाय इन्व्हॉइसवर तोच कोड असल्यामुळे कोणी प्रश्न विचारणार नाही, असे ते म्हणतात.

त्यांनी दिलेला हिशेबही मांडतो. मालाचे आकारणीयोग्य मूल्य, म्हणजे भाडे आणि विमा धरून, सुमारे १८ लाख रुपये आहे. ८४३१ खाली ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क धरले तर १,३५,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १३,५०० रुपये आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्क्यांनी आयजीएसटी ३,५०,७३० रुपये, असे एकूण ४,९९,२३० रुपये होतात. ७३१५ खाली १० टक्के धरले तर १,८०,०००, त्यावर १८,००० आणि आयजीएसटी ३,५९,६४०, असे एकूण ५,५७,६४० रुपये होतात. फरक ५८,४१० रुपयांचा आहे. आमच्यासारख्या व्यवसायाला ही रक्कम लहान नाही आणि ब्रोकर ती वाचवून देऊ पाहत आहेत, हेही मला समजते.

परंतु विभाग १६ ची टीप २ ज्या शब्दांनी सुरू होते त्यांवर माझी नजर अडली. ती टीप ‘या विभागाच्या टीप १ च्या अधीन राहून’ लागू होते. टीप १ (ग) मध्ये तर धातूंच्या विभाग १५ च्या टीप २ प्रमाणे जे ‘सर्वसाधारण उपयोगाचे भाग’ आहेत ते या विभागातून सरळ वगळलेले आहेत, आणि त्या भागांच्या व्याख्येत ७३०७, ७३१२, ७३१७, ७३१८ यांच्यासोबत ७३१५ हे हेडिंग नाव घेऊन दिलेले आहे. म्हणजे मला समजते त्याप्रमाणे साखळी कोणत्या यंत्राला लागते हा प्रश्नच तिथे उपस्थित होत नाही. ती साखळी असेल तर ७३१५ मध्येच जाईल, मग कन्व्हेयरची असो, मोटारसायकलची असो की इंजिनातील टायमिंगची.

माझे प्रश्न असे आहेत. हे वाचन बरोबर आहे का, की वळवलेल्या कानांमुळे साखळीचे स्वरूप बदलते? ७३१५ बरोबर असेल तर रोलर असल्यामुळे ७३१५ ११ लावायचे की अटॅचमेंटमुळे ७३१५ १२? हूक लावलेले स्लिंग साखळी राहते का? आणि इन्व्हॉइसवर चुकीचा कोड छापलेला असताना बिल ऑफ एंट्रीत वेगळा कोड दिला तर आमच्यावर संशय घेतला जाईल का? पुढच्या खेपेत वाळूच्या बकेट एलेव्हेटरची साखळी, बकेट बोल्टने जोडलेल्या अवस्थेत, मागवण्याचा विचार आहे. तिच्याबद्दलही कोणास अनुभव असल्यास सांगावे.

प्रतिसाद १

आपले वाचन बरोबर आहे आणि आपण ते स्वतः केलेत याचे मनापासून कौतुक वाटते. बहुतेक नवे आयातदार कोड ब्रोकरांवर सोडतात आणि दोन वर्षांनी नोटीस आली की मग टॅरिफ उघडतात.

वर्गीकरणाच्या पहिल्या नियमानुसार हेडिंगचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा यांवरच निर्णय होतो. ‘केवळ किंवा मुख्यत्वे त्याच यंत्राला लागणारा भाग’ हा निकष टीप १ ची चाळणी ओलांडल्यानंतरचा आहे. आपली साखळी त्या चाळणीतच अडकते. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये ७३१५ खाली असेही म्हटले आहे की, साखळी तोडून ठरावीक लांबीची केलेली असली किंवा उघडपणे विशिष्ट उपयोगासाठी बनवलेली असली तरी ती याच हेडिंगमध्ये राहते. या टिपा म्हणजे कायदा नव्हे, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणात वर्गीकरणासाठी त्या भरवशाच्या मार्गदर्शक मानल्या आहेत. स्लॅट बसवण्यासाठी वळवलेल्या कानांमुळे साखळीचे साखळीपण जात नाही.

उपशीर्षकाबाबत आपल्या नमुन्याचे वर्णन पुरेसे बोलके आहे. बुशवर मोकळा फिरणारा रोलर असेल तर ती सांध्यांची रोलर चेन, म्हणून ७३१५ ११. रोलर नसलेली, नुसत्या बुशची साखळी असती तर ७३१५ १२ लावले असते. नमुन्याचे जवळून काढलेले छायाचित्र आणि पुरवठादाराचे मापांसह रेखाचित्र ई-संचितवर, म्हणजे सीमाशुल्काच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर, बिल ऑफ एंट्रीसोबतच जोडा. फेसलेस पद्धतीत आपले बिल देशातील दुसऱ्याच बंदरावरचा अधिकारी तपासत असेल आणि त्याच्या हातात साखळी नसते, कागदच असतात.

स्लिंगही साखळीच राहते. त्याच स्पष्टीकरणात टोकांना हूक, शॅकल, स्विव्हल, कड्या इत्यादी बसवलेल्या साखळ्या स्पष्टपणे समाविष्ट आहेत. कड्या वेल्डेड असल्याने ७३१५ ८२. स्प्रॉकेट मात्र साखळीबरोबर ओढू नका. वेगळे आलेले चेन स्प्रॉकेट ८४८३ ९० मध्ये त्यांच्या नावानेच नमूद आहेत, म्हणून इन्व्हॉइसवर त्यांची वेगळी ओळ आणि वेगळी किंमत हवी.

बकेट जोडून आलेल्या साखळीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या वस्तूंत साखळीची भूमिका गौण आहे त्या ७३१५ मधून वगळल्या आहेत आणि बकेट कन्व्हेयरची साखळी हे तेथे दिलेले उदाहरणच आहे. दात असलेली करवतीची साखळी प्रकरण ८२ मध्ये जाते, तीही याच कारणाने. म्हणजे पुढच्या खेपेत बकेट जोडलेल्या आल्या तर ब्रोकरांचे ८४३१ योग्य ठरू शकते. बकेट आणि साखळी सुटी आली तर साखळी पुन्हा ७३१५ मध्ये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मला पैशाच्या आणि मुदतीच्या बाजूने काही सांगायचे आहे, कारण धागाकर्त्यांनी मांडलेला ५८,४१० चा फरक थोडा फसवा आहे.

आयजीएसटीचे इनपुट क्रेडिट आपणांस मिळते, म्हणजे तो पुढे विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येतो, म्हणून त्यातील फरक हा खर्च नव्हे. खरा खर्च मूळ शुल्क आणि अधिभार यांचा असून तो १,९८,००० आणि १,४८,५०० यांमधील, म्हणजे ४९,५०० रुपयांचा आहे. स्प्रॉकेट ८४८३ मध्ये गेल्यावर हा आकडा आणखी बदलेल. आता याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहा. २०११ पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ खाली स्वयं-आकारणी आहे, म्हणजे शुल्क आयातदारानेच ठरवायचे असते, आणि कलम ४६ (४अ) नुसार बिल ऑफ एंट्रीतील माहितीच्या अचूकतेची जबाबदारी आयातदाराची आहे. इन्व्हॉइसवर तसे छापले होते, हे उत्तर तेथे पुरेसे ठरत नाही. साधी चूक असेल तर विभाग दोन वर्षे मागे जाऊ शकतो. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर कलम २८ (४) खाली पाच वर्षे, त्यावर व्याज आणि कलम ११४अ खाली बुडवलेल्या शुल्काइतका दंड. योग्य हेडिंग कोणते हे आपणांस ठाऊक होते, असे या धाग्यावरूनच दिसते. ठाऊक असून दुसरे हेडिंग लावणे आणि नकळत चुकणे यांत कायद्याने मोठे अंतर ठेवले आहे.

एक गोष्ट ब्रोकरांना आजच विचारा. प्रकरण ७३ मधील माल २०२० पासून पोलाद आयात देखरेख प्रणालीत, म्हणजे सिम्समध्ये येतो. तेथील नोंदणी क्रमांक बिल ऑफ एंट्रीत द्यावा लागतो. ८४३१ धरून चालल्यामुळे त्यांनी ही नोंदणी कदाचित केलीच नसेल. बारा दिवस हातात आहेत म्हणून थांबू नका. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हावे लागते, नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये विलंब शुल्क लागते. शिवाय कंटेनर यार्डाचे डिमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे, वेगळेच. माल अडकलाच तर कलम ४९ खाली तो वखारीत हलवण्याची परवानगी मागता येते. गेल्या वर्षी माझी एक खेप त्यामुळेच मोठ्या भाड्यातून वाचली.

इन्व्हॉइसवरील कोडपेक्षा वेगळा कोड देण्याने घाबरू नका. निर्यातदार देशातील कोड आपल्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतो. शिवाय आपण जास्त शुल्काच्या बाजूने जात आहात. तरीही वर्णन नीट करून घेतलेले बरे. बकेट जोडलेल्या साखळीसाठी मात्र आताच मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा, असे सुचवेन. शुल्क १०,००० रुपये आहे, निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे आणि मिळालेला निर्णय, कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर, तीन वर्षे आपल्याला लागू राहतो. अर्ज भविष्यातील आयातीसाठी असल्यामुळे ही वेळ अगदी योग्य आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सिम्सबद्दलची शंका खरी ठरली, नोंदणी झालेली नव्हती. ब्रोकरांशी शांतपणे बोललो, विभाग १६ ची टीप १ (ग) आणि विभाग १५ ची टीप २ छापून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन्ही वाचून मान्य केले आणि नोंदणीचा अर्ज काल संध्याकाळीच भरला. इनपुट क्रेडिट धरून हिशेब पुन्हा मांडल्यावर घरच्यांचीही समजूत पटली.

पुरवठादाराला लिहिल्यावर आज सकाळी सुधारित इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट आली. आता तिच्यात तीन ओळी आहेत: पिच १०० मिलिमीटर, के-टू अटॅचमेंटसह पोलादी रोलर चेन, ७३१५११, त्याच साखळीचे स्प्रॉकेट, ८४८३९०, आणि हूकसह चार पायांचे वेल्डेड चेन स्लिंग, ग्रेड ८०, ७३१५८२. रेखाचित्र सोबत आहे. नमुन्याच्या तुकड्याचे छायाचित्र मी मोजपट्टी शेजारी ठेवून काढले आहे, रोलर बुशवर फिरतो हे दिसावे म्हणून एक पिन काढून कडी उघडी केली आहे. बकेटच्या साखळीची मागणी अग्रिम निर्णय येईपर्यंत थांबवली असून अर्जासाठी लागणारी रेखाचित्रे पुरवठादाराकडून मागवली आहेत.