कॉन्टेसाला मागचा रेशो ४.३ घालू की ४.५५? (ठाणे)

कोलशेतचा_कॉन्टेसावाला
नमस्कार मंडळी. गाडी कॉन्टेसा क्लासिक, १.८ इसुझु पेट्रोल, पाच गियर. मागच्या वर्षी इंजिन उघडलं तेव्हा हेड घासून घेतलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलला, कार्ब्युरेटर मोठा बसवला. आता २,८०० आरपीएमच्या वर गाडी अशी निघते की बायको डॅशबोर्ड धरून बसते. त्याच्या खाली मात्र जीवच नाही. आणि घोडबंदर रोडला कापूरबावडी ते कासारवडवली सगळा प्रवास त्या ‘खाली’च होतो.

मागचा अ‍ॅक्सल आधीच्या मालकाने बदललेला, कुठला घातला ते त्यालाच आठवत नाही. मागचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या (गियरबॉक्सकडून मागे जाणारा दांडा) किती फेऱ्या; आकडा मोठा तितकं त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. म्हणून रविवारी पार्किंगमध्ये एक चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवरच, गाडी न्यूट्रलला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ. मी चाक फिरवतोय आणि आमचे वॉचमनमामा ओणवे होऊन रेघ मोजतायत. एक चाक अडलेलं असलं की दुसऱ्याला दुप्पट फिरावं लागतं, म्हणून चाकाच्या २० फेऱ्या घेतल्या, म्हणजे खऱ्या १०. शाफ्टच्या ३९ भरल्या, वर किंचित. म्हणजे ३.९, बहुतेक ४३/११: मागच्या मोठ्या दातेरी चाकाचे (क्राउन) ४३ दात, ते फिरवणाऱ्या छोट्याचे (पिनियन) ११.

वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे क्राउन-पिनियनच्या दोन जोड्या आहेत, ४३/१० आणि ४१/९. दोन्ही माझ्या हाउसिंगला (त्यांचा मागचा खोका) बसतात. तो म्हणतो, ‘४१/९ घाला, विमान होईल.’ टायर १८५/७० आर१४, तिसरा गियर १.४, पाचवा ०.८५. महिन्यातून एकदा पुणे. काय करू?

तुर्भे_लेथ
विमान होईल म्हणणाऱ्याला एकदा पुण्याला शेजारी बसवून न्या. लोणावळा यायच्या आत तोच म्हणेल, काच लावा.

हिशोब सोपा आहे. तुमच्या टायरचा व्यास ६१५ मिमी, म्हणजे किलोमीटरला चाकाच्या ५१८ फेऱ्या. ६० च्या वेगाला मिनिटाला एक किलोमीटर होतो, तेव्हा चाकाचा आरपीएमही ५१८. १०० ला ८६३. त्याला गियरने गुणा, मग मागच्या रेशोने गुणा. पाचव्यात १०० ला आज तुमचं इंजिन २,८७० ला फिरतंय. ४.३ ला ३,१५०, ४.५५ ला ३,३४०. टायर वजनाने दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच धरा. एक्सप्रेसवेवर १०० ची मर्यादा पाळत गेलात तरी हा आवाज तासभर कानात.

आता खरी गंमत बघा. तिसऱ्या गियरला ४० वर तुम्ही आज १,८९० ला आहात. ४.३ ने २,०८०. ४.५५ ने २,२००. तुमचा कॅम जागा होतो २,८०० ला! म्हणजे सगळ्यात टोकाची जोडी घालूनही तो झोपलेलाच. याउलट आजच्याच रेशोवर दुसऱ्या गियरला ४० वर साधारण २,८०० मिळतात (दुसरा २.१ च्या आसपास धरलाय). भाऊ, आधी दुसऱ्यात चालवा. फुकट आहे.

खारघर_टर्बो
एवढा हिशोब कशाला. अमेरिकेत मस्टँगवाले सगळे ३.७३ नाहीतर ४.१० घालतात, कोणी तक्रार करत नाही. त्या मानाने ४.५५ काही फार नाही.

तुर्भे_लेथ
टर्बोशेठ, त्यांचा नुसता मागचा आकडा उचलू नका, पूर्ण गुणाकार उचला. ऐंशीच्या दशकातली पाच लिटरची व्ही-आठ मस्टँग कंपनीतून मॅन्युअल गियरला २.७३ किंवा ३.०८ वर यायची. पाचवा गियर ०.६८. त्यात ३.७३ घातला तरी टॉपला गुणाकार २.५४ होतो. आपल्या कॉन्टेसाचा आज, काहीही न बदलता, ३.९ गुणिले ०.८५ म्हणजे ३.३२ आहे. ती मंडळी जिथे पोचायला पैसे घालतात त्याच्या आपण आधीच पुढे उभे आहोत. त्यात त्यांचं इंजिन आपल्या पावणेतीनपट. ज्याचा पाचवा लांब (आकडा लहान) त्यालाच मागचा आखूड (आकडा मोठा) करणं परवडतं.

नेरुळची_जिप्सी
रेशोचं गणित झालं, मी बसवणाऱ्याबद्दल सांगते. माझ्या जिप्सीत बदलला तेव्हा पुढचा-मागचा दोन्ही बदलावे लागले (फोर-व्हीलला दोन वेगळे रेशो चालत नाहीत), आणि मागच्याने रडवलं. गॅरेजचं नाव घेत नाही. जोडी बसवली, तेल भरलं, चावी हातात. ऐरोली ओलांडेपर्यंत ५५-६० ला ‘हूंऽऽ’ सुरू. पाय दाबला की गप्प, सोडला की हूं. परत नेली तर म्हणे, ‘मॅडम, नवीन आहे, बसेल.’ क्राउनचा आवाज बसत नाही, वाढतो. तीनदा हाउसिंग उतरलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या मिस्त्रीने दातांना रंग लावून फिरवून दाखवलं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, माझा पार बाहेरच्या टोकाला गेला होता. पहिल्याने शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) मोजलीच नव्हती, जुनी काढली तीच परत घातली.

म्हणून काका, तुमच्या गॅरेजवाल्याला तीनच प्रश्न विचारा. डायल गेज (बारीक अंतर मोजायचं घड्याळ) आहे का? रंगाचा ठसा माझ्यासमोर काढणार का? पिनियनचा क्रश स्लीव्ह (बेअरिंगांमधली, आवळताना दबणारी नळी) नवीन घालणार का? एकदा दबलेला स्लीव्ह परत वापरला तर बेअरिंगवरचा ताण राहत नाही. तिन्हींना ‘हो’ नसेल तर ३.९ वरच सुखी राहा. आणि जोडी म्हणजे जोडी. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून तयार केलेले असतात. एकाचा क्राउन दुसऱ्याचा पिनियन असलं काही गळ्यात मारून घेऊ नका.

कोलशेतचा_कॉन्टेसावाला
ताई, ‘काका’ आवडलं नाही पण मुद्दा पटला 🙂 विचारलं. डायल गेज शेजारच्या दुकानातून आणेन म्हणाला.

तुर्भे_लेथ
शेजाऱ्याचा का असेना, आणू दे. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) त्या जोडीच्या कागदावर असेल तोच धरायचा. नसेल तर साधारण ०.१३ ते ०.२० मिमीत राहा.

आणखी एक. खर्च करण्याआधी चव घ्या. कोणाकडून तरी १७५/६५ आर१४ ची मागची दोन चाकं आठवड्यासाठी मागा. व्यास ५८३, म्हणजे तुमचा ३.९ आपोआप ४.१ सारखा वागेल. ४.३ च्या अर्ध्या वाटेवर पोचाल. गाडी मागून १६ मिमी बसेल, स्पीडब्रेकरला जपून.

कोलशेतचा_कॉन्टेसावाला
आठ दिवस चालवली, सांगतो.

माजिवड्याचा पूल तिसऱ्यात चढतो, आधी मध्येच दुसरा टाकावा लागायचा. गायमुखच्या चढाला ट्रकमागे रांगतानाही क्लच कमी जळतो. पहिला गियर मात्र आत्ताच नको इतका आखूड वाटतो. सिग्नल सुटला की चौक ओलांडायच्या आत दुसरा मागते. ४.५५ ला पहिला नुसता शोभेला राहील. १०० ला (मोबाइलवरच्या जीपीएसने) पाचव्यात टॅको (आरपीएमचा काटा) ३,०५० च्या आसपास. बायको म्हणाली, एवढं चालेल, याच्या वर नको.

आणि लेथदादा, तुमचं ऐकून दुसऱ्यात चालवून पाहिलं. निम्मी तक्रार तिथेच गेली. उरलेली कार्ब्युरेटरची निघाली. आयडल जेट गच्च होता, साफ केल्यावर २,००० खालचा अडखळा बराच कमी झाला. ४.५५ डोक्यातून काढला. ४३/१० घेतोय.

तुर्भे_लेथ
बरोबर घेताय. आज आहात त्याच्यापेक्षा १० टक्के आखूड, तेवढंच पुरे. शिवाय ४१/९ चा पिनियन नऊ दाती. त्याच मापाच्या हाउसिंगमध्ये दात कमी म्हणजे पिनियन बारीक, आणि तुम्ही इंजिनची ताकद वाढवलेली.

तेल हायपॉइडचंच (अशा क्राउन-पिनियनसाठीचं), जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं निवांत चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. पुढचे ८०० किलोमीटर पाय हलका, मग तेल बदला. काढलेल्या तेलात चुंबक फिरवा. राखेसारखी बारीक पूड लागली तर ठीक, चुरा लागला तर परत उघडा.

नेरुळची_जिप्सी
स्पीडोमीटर विसरू नका! त्याची केबल गियरबॉक्सच्या शेपटातून निघते, मागे काय बदललं ते त्याला कळत नाही. आज बरोबर असेल तर उद्या खऱ्या १०० ला ११० दाखवेल, किलोमीटरही तितकेच जास्त मोजेल. मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते की रेशो बदलल्यापासून ॲव्हरेज वाढलं!

कोलशेतचा_कॉन्टेसावाला
हा हा. केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं गियर बदलून मिळतं का बघतो, नाहीतर टॅकोशेजारी चिकटपट्टीवर खरे आकडे लिहून ठेवीन. शनिवारी हाउसिंग उतरवतोय. रंगाच्या ठशाचे फोटो इथेच टाकतो, दोघांनी बघितल्याशिवाय झाकण लावणार नाही.