परदेशातील ज्येष्ठ दाम्पत्य मिशन : पाचारण दोघांचे, काम मात्र एकट्याचे. मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही पती-पत्नी निवृत्तीनंतर द चर्च ऑफ जिझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या वतीने ज्येष्ठ मिशनरी म्हणून परदेशात आलो आहोत. ज्येष्ठ दाम्पत्यांसाठी ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची सेवा असते. आम्ही १८ महिन्यांची निवडली आणि त्यातले पाच महिने संपले. या सेवेची माहिती नसलेल्यांसाठी सांगते की, तरुण मिशनरींप्रमाणे आम्हाला दारोदार जाऊन शिकवावे लागत नाही, त्यांच्यासारखे दिवसाचे काटेकोर वेळापत्रकही आमच्यासाठी नसते, आणि खर्च आम्ही स्वतःच्या बचतीतून करतो.

अडचण अशी आहे की पाचारण दोघांच्या नावे आले, परंतु काम यजमानांच्याच वाट्याला गेले. त्यांचे सारे आयुष्य हिशेब तपासण्यात गेल्यामुळे घरभाड्याचे करार, गाड्यांचे विमे, तरुण मिशनरींच्या वास्तव्य परवान्यांच्या मुदती हे सगळे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर जमा झाले. यात कोणाचाही दोष नाही. ज्याला येते त्याच्याकडे काम जाते, एवढेच. मी मात्र शेजारच्या खुर्चीवर बसून पाकिटांवर पत्ते चिकटवते, आणि ते अर्ध्या तासात संपतात. शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या बाईला पत्ते चिकटवून दिवस काढणे किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

माझा खरा जीव लागतो तो घरांच्या पाहणीच्या दिवशी. महिन्यातून एकदा आम्ही तरुण मिशनरींची भाड्याची घरे पाहायला जातो. यजमान धुराची सूचना देणारे यंत्र चालते का आणि भिंतीला ओल आली आहे का ते तपासतात. मी स्वयंपाकघर आणि मोरी पाहते. मागच्या खेपेला एका एल्डरच्या (तरुण पुरुष मिशनरीला असे म्हणतात) शर्टाचे गळ्याजवळचे बटण तुटलेले दिसले. मी सुईदोरा काढला, तेव्हा तो नावाची काळी पट्टी काढून हातात धरून उभा राहिला आणि बटण लावून होईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिला. एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन वर्षांसाठी घराबाहेर. आई घरी कशी बटणे लावते, एवढेच तो हळूच बोलला. परत येताना गाडीत यजमान म्हणाले, "आज सात घरे झाली." मला मात्र ते एकच घर आठवत होते.

दुसरी अडचण भाषेची. रविवारच्या उपासनेत माझ्या शेजारी एक वृद्ध भगिनी बसतात आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत माझा हात धरून ठेवतात. परंतु आम्हा दोघींना एकमेकींची चार वाक्येही कळत नाहीत. स्तोत्रांचे शब्द मी वहीत देवनागरीत उतरवून घेतले आहेत. त्यामुळे मला गाता येते, बोलता मात्र येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. मिशन अध्यक्षांकडे, म्हणजे इथल्या मिशनरींच्या प्रमुखांकडे, माझ्यासाठी वेगळी जबाबदारी मागावी, की आपले काम आपणच शोधावे? यजमान कार्यालयात असताना मी एकटीने सदस्यांच्या घरी जाणे योग्य ठरेल का? सहासष्टाव्या वर्षी भाषा शिकण्याची सुरुवात नेमकी कोठून करावी? आणि हे सर्व यजमानांना कसे सांगावे, की त्यांना त्यांच्या कामावर टीका वाटणार नाही?

प्रतिसाद १
ताई, आम्ही २३ महिन्यांची सेवा करून परतलो आहोत, आणि पहिले सहा महिने माझी अवस्था तुमच्यासारखीच होती. माझे स्पष्ट मत आहे की जबाबदारी मागावीच, पण रिकाम्या हाताने जाऊन मागू नये. घरांच्या पाहणीची वही तुम्ही स्वतःकडे घ्या. साधारण सहा आठवड्यांनी मिशनरींच्या बदल्या होतात आणि एकत्र काम करणाऱ्या दोघादोघांच्या जोड्या बदलतात; त्या गडबडीत कोणाची किल्ली कोठे राहिली, कोणत्या घरात गादी कमी आहे, कोणाची औषधे मागे राहिली, याची नोंद ठेवणारे माणूस बहुधा नसते. दोन बदल्यांची नीट नोंद करून अध्यक्षांपुढे ठेवा. मग काम आपोआप तुमच्या नावावर होते.
एकटीने जाण्याबाबत मी सावध राहीन. ज्येष्ठ दाम्पत्याने दिवसभर एकत्रच असावे असे बंधन नाही, हे खरे. तरीही अनोळखी भाषेत, अनोळखी घरी जाताना स्थानिक मंडळीतील एखादी भगिनी सोबत असावी. त्या हात धरणाऱ्या आजी इतर सर्वांना ओळखत असतील. त्यांनाच घेऊन जा.

प्रतिसाद २
भाषेसंबंधी माझा थोडा निराळा अनुभव आहे. आम्ही व्याकरणापासून सुरुवात केली आणि दोन महिने वाया घालवले. त्याऐवजी दुखण्याखुपण्याचे शब्द, वेळ-वार आणि "पुन्हा सांगाल का" हे वाक्य आधी पाठ करावे, कारण वयस्कर सदस्यांच्या घरी बोलणे बहुतेक वेळा गुडघ्यांवरच येते. तुमच्या देवनागरी वहीला मात्र माझा आक्षेप आहे. उच्चार आपल्या लिपीत बसवले की ते तसेच चुकीचे पक्के होतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद
दोघांचेही आभार. वहीबद्दलचा आक्षेप मान्य आहे, तरी स्तोत्रांपुरती ती मी ठेवणार आहे. नाहीतर रविवारी ओठ मिटून बसावे लागेल. काल रात्री यजमानांशी बोलले. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले की किल्ल्यांचा हिशेब त्यांनाही तीन आठवड्यांपासून लागत नव्हता. पाहणीची वही आजपासून माझ्याकडे आली आहे. पहिल्याच पानावर दोन किल्ल्या कमी भरतात. बदल्यांच्या दिवशी या नोंदी कोणी कशा ठेवत असत, घरानुसार की जोडीनुसार, हे कृपया कळवावे, कारण पुढील बदल्या नऊ दिवसांवर आल्या आहेत.