मदत हवी आहे: हंगाम सणाचा लिलाव साधा कसा करावा?

सर्व बंधुभगिनींना सलाम.

तूर घरी आली की आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हंगाम सण, म्हणजे पिकातला वाटा देवाला अर्पण करायचा सण. वेदीपुढे कापसाचं गाठोडं, पायलीभर तूर, कोहळं, गावरान कोंबडी. मग लिलाव, आणि घोळ तिथंच होतो. 40 रुपयांचं कोहळं 2000 वर जातं, टाळ्या पडतात, बोली मात्र उधार राहते. ज्याच्या कपाशीवर बोंडअळी पडली, तो त्या रविवारी चर्चमध्ये येतच नाही. याचं फार वाईट वाटतं.

यंदा धान्य काट्यावर मोजून, बाजार समितीच्या त्या दिवशीच्या भावानं, रोखीनं विकायचं म्हणतो. पैशाचं दान एकसारख्या बंद पाकिटात. दोन पंचांसमोर मोजणी, लगेच वहीत सह्या.

अडचण अशी की हिशेबाला नावाची पावती लागते. पावती द्यायची पण नाव माइकवरून पुकारायचं नाही, हे कसं बसवता? शिवाय पहिल्या वर्षी रक्कम घटणार, आणि पाळकसाहेबांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) मानधन त्यातूनच निघतं. ती तूट कोणी घरोघरच्या मूठभर ज्वारीनं भरून काढली आहे का? रोज 50 ग्रॅम धरले तर घरटी महिन्याला दीड किलो होते; पण पावसाळ्यात सोंडे लागतात, म्हणून किती दिवसांनी गोळा करता, तेही सांगा.