प्रतिसाद: स्नायू, चकती आणि जनुके

वरच्या चर्चेत म्हटलं आहे की स्नायूंचं वस्तुमान आनुवंशिक, मणक्यांमधल्या चकतीची (डिस्कची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची) झीजही आनुवंशिक, मग कंबरदुखीवर व्यायाम कशाला? पहिली दोन विधानं बरीचशी खरी आहेत, निष्कर्ष मात्र पटत नाही.

फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात एकाने आयुष्यभर गाडी चालवली आणि दुसऱ्याने जवळजवळ नाही, अशा एकसमान जुळ्यांच्या ४५ जोड्या तपासल्या होत्या (२००२). एमआरआयमध्ये दोघांच्या चकत्यांच्या झिजेत फारसा फरक दिसला नाही! म्हणजे गाडी चालवण्याने झीज फारशी वाढलेली दिसली नाही, आणि झिजेवर आनुवंशिकतेचा पगडा आहे या म्हणण्याशी हे जुळतं.

पण एकच जनुक स्नायू आणि चकती, दोन्हीकडे हात लावत असेल तर? जीडीएफ५ हे जनुक गर्भात सांधे घडवतं, कंबरेच्या चकतीच्या झिजेशी त्याचा संबंध सापडला आहे आणि मज्जातंतू कापलेल्या उंदरांमध्ये तेच स्नायूंची हानी आवरतं. एकच जनुक दोन्हींवर थेट परिणाम करत असेल, तर स्नायू कमी असणं हे झिजेचं कारण असेलच असं नाही. त्यामुळे जनुकांवरून 'स्नायू कमी म्हणून चकती झिजली' असं ठरवणाऱ्या संशोधनाच्या पद्धती इथे सहज फसू शकतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिवाय प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरखालच्या मणक्यांकडून झिरपत येतं. स्नायू भक्कम झाले म्हणून झिजलेली चकती पूर्ववत होणार नाही. पण झीज आणि दुखणं एकच नव्हे, कारण कसलाच त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते. जुन्या कंबरदुखीत व्यायामाने दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते. तेव्हा कृपया एमआरआयचा अहवाल वाचून व्यायाम सोडू नका.