प्रति: निकाल फुकट मिळतात तर डेटाबेसला पैसे कशाला?

वर म्हटलंय की निकाल आता फुकट मिळतात तर लॉ कॉलेजच्या लायब्ररीने मनुपात्र, एससीसी ऑनलाइन असे पैसे भरून वापरायचे निकालांचे डेटाबेस घ्यायचेच कशाला. अर्धं बरोबर आहे, २०२३ पासून ई-एससीआर या कोर्टाच्याच ऑनलाइन सेवेवर सुप्रीम कोर्टाचे रिपोर्टेड निकाल मोफत आहेत, इंडियन कानून ही मोफत वेबसाइट तर आधीपासून आहेच. पण आपण पैसे देतो ते हेडनोट्सचे (संपादकांनी निकालाच्या वर दिलेला सारांश) आणि तो निकाल पुढे कुठल्या केसमध्ये फिरवला गेला ते लगेच कळावं याचे. २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोदक केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, संपादकांनी पाडलेले परिच्छेद वगैरे मात्र प्रकाशकाचे.

माझा आक्षेप किमतीपेक्षा करारावर आहे. छापील खंड एकदा घेतला की कपाटात कायमचा, इथे रिन्यूअल थांबलं की मागची सगळी वर्षंही बंद होऊ शकतात. म्हणून सही करायच्या आधी बघाच की एकावेळी किती जण लॉगिन करू शकतात, फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवर (आयपीवर) चालतं की मूट कोर्टची, म्हणजे सरावाच्या खटल्यांची, तयारी करणाऱ्या पोरांना रात्री हॉस्टेलवरूनही, आणि पुढच्या वर्षी दर किती वाढवणार. सेल्सवाले तोंडी हो म्हणतील, ते करारात लिहून घ्या.