मदत हवी आहे: थायरॉईड, लोह, कॅल्शियम – आईच्या गोळ्यांच्या वेळा कशा लावू?

नमस्कार मंडळी. आईचं वय ६३, माझं माहेर गोव्यात फोंड्याजवळ. थायरॉईडची गोळी ९ वर्षं चालू आहे, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, गोळी कमी पडली की हा आकडा वाढतो) कायम ३ च्या आसपास. जानेवारीत हिमोग्लोबिन ९.२ आलं म्हणून एका डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली. गुडघ्यांसाठी दुसऱ्यांकडे गेलो, त्यांनी कॅल्शियम ५०० आणि डी जीवनसत्त्वाचं आठवड्याला एक ६०,००० चं पाकीट लिहून दिलं. आता टीएसएच थेट ११.४! थायरॉईडचा डोस ७५ वरून १०० झाला.

रविवारी मी माहेरी होते. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला, आईने पाव घेतले, चहा ओतला आणि वाटीत काढून ठेवलेल्या तिन्ही गोळ्या चहाच्या घोटाबरोबर गिळल्या. "एकदम घेतल्या की विसरायला होत नाही गो." तिला काय बोलणार? चिठ्ठ्या दोन, वेळा कुणीच नीट सांगितल्या नव्हत्या.

फार्मसीतल्या बाई म्हणाल्या, लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत, ४ तासांचं अंतर हवं. मग लोह कधी द्यायचं? रिकाम्या पोटी तिला मळमळतं. आणि वेळा सुधारल्यावर १०० चा डोस जास्त तर होणार नाही ना? मला हीच खरी काळजी आहे.

प्रतिसाद

ताई, काळजी रास्त आहे. माझ्या सासूबाईंना असाच वाढवलेला डोस नंतर जास्त झाला, छातीत धडधड सुरू झाली. त्यामुळे वेळा बदलण्याआधी डोस वाढवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून "सगळ्या गोळ्या एकत्र, चहाबरोबर घेत होती" एवढं सांगाच. डोस तेच ठरवतील. टीएसएच साधारण ६ ते ८ आठवड्यांनी परत तपासतात.

आमच्याकडे वेळा अशा बसल्या: उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा-पाव तासाभराने. अकराला पेजेच्या थोडं आधी लोह, लिंबूपाण्यातून. मळमळलं तर पेजेनंतर. लोहाच्या मागेपुढे तासभर चहा नाही. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, कारण तेही लोहाला अडवतं. डी चं पाकीट रविवारी दुपारी हुमण-भातानंतर (हुमण म्हणजे माशांची आमटी), ते स्निग्ध जेवणाबरोबर चांगलं लागू पडतं. ते रोज घेतलं जात नाही ना, हे मात्र स्वतः बघा. लोहाने शौचाला काळं होतं, आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून गोळी बंद करतील.